खुंट एक, फांदी दुसरी: कलम जुळतं तरी कसं?

नर्सरीतून आणलेलं गुलाबाचं कलम दोन वर्षं भरभरून फुलतं. टपोरी, लालभडक फुलं. मग एका पावसाळ्यानंतर बुडापासून एक हिरवीगार काडी उसळून वर येते. इतकी तरतरीत, की तिला कात्री लावायला जीव धजत नाही. वर्षभरात सगळं झुडूप तिचंच होऊन जातं आणि फुलं येतात ती लहान, पांढरी, पाच पाकळ्यांची, घोसाने. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, जात उतरली, खतात काही कमी पडलं. खरं तर जात उतरलीच नव्हती. लाल गुलाब मेला होता आणि ज्याच्या मुळांवर तो उभा होता, तो दुसराच गुलाब आता मोकळेपणी वाढत होता.

कलमाविषयीचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. दोन झाडं जोडली की त्यांचं मिश्रण होतं, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. कलमात दोन झाडं एका अंगाने जगतात. खालच्या, मुळांच्या झाडाला खुंट म्हणतात. वर बसवतात ती कलमकाडी. पाणी दोघांचं एक, अन्न एक. पण जोडाच्या वरच्या पेशी वरच्या झाडाच्या आणि खालच्या पेशी खुंटाच्या, वीस वर्षांनीसुद्धा. जोडाखालचा डोळा, म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो ती जागा, फुटला तर खुंटाचंच झाड येणार, वरचा फुटला तर कलमाचं.

एवढा खटाटोप कशासाठी? बी पेरून काय बिघडतं?

बी म्हणजे आईबापांचं मूल. परागकण एकाचे, बीजांड दुसऱ्याचं. सफरचंदासारखं झाड तर स्वतःच्या परागाने सहसा फळ धरतच नाही. एकाच सफरचंदातल्या पाच बिया पेरल्या तर पाच भावंडं उगवतात आणि पाचांचं रूप, चव, उंची, सगळं निराळं. त्यातली बहुतेक आईपेक्षा उणीच निघतात. क्वचित एखादं सरस. पण त्या सरस झाडाचं बी पेरलं की जुळून आलेला पत्त्यांचा डाव पुन्हा पिसला जातो. ते झाड जसंच्या तसं हवं असेल तर त्याची पिढी वाढवून भागत नाही, त्याचं शरीरच वाढवावं लागतं. फांदी, पान, कंद, डोळा अशा शरीराच्या तुकड्यातून नवं रोप करणं म्हणजे शाखीय अभिवृद्धी. कलम हा तिचा एक प्रकार. (आंबा आणि लिंबूवर्गातल्या काही जातींच्या एकाच बीतून अनेक रोपं येतात आणि त्यातली बरीचशी आईच्याच ऊतीपासून बनलेली, तंतोतंत आईसारखी असतात. निसर्गाने बीच्या आतच केलेली ही शाखीय अभिवृद्धी.)

इंग्लंडमधल्या साउथवेल गावात 1809 मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफोर्ड या मुलीने सफरचंदाच्या बिया पेरल्या. त्यातलं एक झाड असं निघालं, की त्याच्या फळांना तोड नव्हती. 1856 मध्ये हेन्री मेरीवेदर या तरुणाने कलमासाठी त्याच्या काड्या मागितल्या. घर तोवर मॅथ्यू ब्रॅमली नावाच्या माणसाकडे गेलं होतं. त्याने काड्या दिल्या, पण जातीला आपलं नाव द्यायचं या अटीवर. म्हणून ती जात ब्रॅमली झाली आणि बी पेरणारी मुलगी नावातून गळली. आज जगात जिथे जिथे ब्रॅमलीचं झाड उभं आहे, ते साउथवेलच्या त्या एकाच झाडाचं लांबलेलं अंग आहे. नातू नाही, पणतू नाही, तेच झाड.

बिनबियांच्या फळांना तर दुसरी वाटच नाही. नेव्हल संत्र्याची दोन रोपं 1873 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला एलिझा टिबेट्स या बाईंकडे पोचली. मूळ जात ब्राझीलमधल्या बाहियाची. फळात बीच नाही, म्हणजे कलम थांबलं तर जात संपली. तिथून कॅलिफोर्नियात पसरलेल्या नेव्हलच्या बागा त्या रोपांच्या डोळ्यांवरच उभ्या राहिल्या.

झाडाला हे जमतं कसं?

तुटलेल्या बोटातून माणूस उगवत नाही, पण फांदीतून झाड उगवतं. झाडाच्या अंगात जागोजागी अशा पेशी असतात, ज्यांनी अजून 'मी अमुकच होणार' असं ठरवलेलं नसतं. शेंड्यात, मुळाच्या टोकाला, पानाच्या बेचक्यातल्या डोळ्यात आणि सालीच्या आत. शिवाय ठरवून झालेल्या पेशीसुद्धा जखम झाली की पुन्हा कोवळ्या होऊन वाढू लागतात.

झाडं ही सोय स्वतःहूनही वापरतात. बटाट्याचा डोळा म्हणजे खोडाचा कोंब; बटाटा हे मूळ नव्हे, जमिनीतलं फुगलेलं खोड आहे. केळीला मुनवे फुटतात. आल्याच्या कुडीला डोळे असतात, स्ट्रॉबेरी जमिनीवर धावते फुटवे सोडते, पानफुटीच्या पानाच्या कडेला चिमुकली रोपं रांगेने बसलेली दिसतात. अमेरिकेच्या युटा राज्यात अ‍ॅस्पेन झाडांचं एक रान आहे, पॅन्डो नावाचं. सुमारे 43 हेक्टरांवर साधारण 47,000 खोडं, आणि सगळी एकाच मुळांच्या जाळ्यातून वर आलेली. रान दिसतं, पण ते झाड एकच आहे.

फाटा आणि गुटी

आपण करतो त्यात सगळ्यात सोपं म्हणजे फाटे कलम: फांदीचा तुकडा मातीत खोचायचा. पण त्या तुकड्याला वर कुठलं आणि खाली कुठलं हे पक्कं ठाऊक असतं. ऑक्झिन नावाचं संप्रेरक शेंड्याच्या कोवळ्या पानांत तयार होतं आणि खोडातून खाली उतरतं. फाटा कापला की त्याची वाट बुडाशी तुटते, ते तिथे साठतं आणि मुळं फुटायची ती तिथेच फुटतात. म्हणून फाटा उलटा खोचला तर सहसा फसतो. मुळं फुटण्यासाठी मिळणाऱ्या पावडरीत बहुतेक वेळा आयबीए म्हणजे ऑक्झिनाचंच एक रूप असतं. ते चिमूटभर पुरतं. जास्त झालं तर मुळं फुटण्याऐवजी बूड काळं पडून कुजतं, आणि बरेच जण हौसेने इथेच चुकतात.

फाट्याची दुसरी अडचण पाण्याची. पानं पाणी उडवत असतात आणि ओढून घ्यायला मुळं नसतात. म्हणून पानं कमी करायची, मोठी असतील तर अर्धी कापायची आणि हवा दमट ठेवायची. सगळी पानं मात्र ओरबाडू नयेत. कोवळ्या फाट्याला मुळं येईपर्यंत तीच पोसतात.

पानाच्या फाट्याने कधी कधी चकवाही होतो. पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट असतो ना, त्याच्या पानाचे तुकडे लावले तर येणारी रोपं साधी हिरवी निघतात. त्या पानात दोन तऱ्हेच्या पेशींचे थर शेजारी शेजारी असतात: काठाच्या पेशींत हिरवं द्रव्य नाही, आतल्यांत आहे. नवं रोप आतल्या हिरव्या पेशींतून येतं आणि पिवळा काठ मागेच राहतो. तो हवा असेल तर बुडाचा कंदच विभागावा लागतो.

जी फांदी नुसती खोचून जगत नाही, तिच्यासाठी गुटी. ही माझी सर्वांत आवडती पद्धत, कारण झाडाच्या आत काय चाललंय ते इथे उघड्यावर दिसतं. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वर्षभराची फांदी घ्या. डोळ्याच्या खाली, एकमेकांपासून दोन ते तीन सेंटिमीटर अंतरावर गोल दोन काप घ्या आणि मधली साल बांगडीसारखी काढा. खालचं लाकूड ओलसर, बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीतपणा चाकूच्या पाठीने खरवडून टाका, नाहीतर साल पुन्हा जुळून येते आणि गुटी फसते. भिजवून पिळलेलं शेवाळ भोवती बांधा, त्यावर प्लास्टिक घट्ट गुंडाळा.

पान मरत नाही, कारण मुळांकडून पाणी चढतं ते लाकडातून, आणि लाकूड शाबूत आहे. पानांत तयार झालेलं अन्न उतरतं ते सालीच्या आतल्या थरातून, आणि ती वाट आपण तोडली आहे. काही आठवड्यांत बांगडीच्या वरची कड फुगून ओठासारखी जाड होते, खालची कड तशीच सपाट राहते. साल काढल्यावर वरची बाजू फुगते हे इटलीच्या मार्चेलो माल्पिघीने 17 व्या शतकातच टिपलं होतं. अन्न आणि ऑक्झिन दोन्ही त्या ओठाशी अडतात, शेजारी ओलं शेवाळ असतं, आणि एक-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं डोकावू लागतात. ती पिवळसर-तपकिरी होऊन फांद्या फोडू लागली की गुटी खालून कापायची. पांढरी, कोवळी असताना कापायची घाई केली तर रोप हातचं जातं.

जोड

फाटा आणि गुटीत झाड आपल्याच मुळांवर उभं राहतं. कलमात मुळं परकी.

फांदीची साल नखाने खरवडली की हिरवा थर दिसतो. त्याच्या आत, साल आणि लाकूड यांच्या सीमेवर, काही मोजक्या पेशींच्या जाडीचा एक थर असतो: कॅम्बियम. डोळ्यांना तो वेगळा दिसत नाही, बोटाला ओलसर लागतो तेवढाच. झाडाची सगळी जाडी तोच वाढवतो, आत लाकूड घडवून आणि बाहेर अन्नवाहिन्या घडवून. कलमाचं यश या थरावर अवलंबून. खुंटाचा कॅम्बियम आणि काडीचा कॅम्बियम एकमेकांना भिडले पाहिजेत. बाकी लाकडाला लाकूड टेकलं काय नि न टेकलं काय, त्याने काही जुळत नाही.

पाचर कलम करताना हेच करायचं असतं. खुंट आडवा कापून त्याला मधोमध तीन-चार सेंटिमीटर चीर द्यायची. काडीला खालून दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन पाचर करायची. काप एका ओढीत झाला पाहिजे. करवतीसारखा चाकू मागे-पुढे केला की पेशी चिरडतात आणि मध्ये पोकळी राहते. मग पाचर चिरेत बसवायची. काडी खुंटाइतकीच जाड असेल तर प्रश्न नाही. बारीक असेल तर ती मधोमध ठेवायची नाही, एका कडेला सरकवून निदान त्या बाजूला काडीच्या सालीची आतली कड खुंटाच्या सालीच्या आतल्या कडेशी जुळवायची. नवशिक्याची कलमं बहुतेक इथे जातात. मधोमध बसवलेली काडी दिसते नीटनेटकी, पण तिचा कॅम्बियम खुंटाच्या मेलेल्या लाकडावर टेकलेला असतो. शेवटी पट्टी करकचून बांधायची आणि वर पिशवी घालायची, म्हणजे काडी सुकणार नाही.

आत पुढे काय होतं? कापलेल्या पेशी मरतात आणि त्यांची पातळ तपकिरी रेघ उरते. तिच्या दोन्ही बाजूंनी जिवंत पेशी फुगतात, वाढतात आणि कॅलस, म्हणजे जखम भरणाऱ्या पेशींचा मऊ, पांढुरका थर, भरून येतो. दोन्हीकडचा कॅलस भेटतो, एकमेकांत गुंततो. मग त्या कॅलसमधल्या, दोन्ही कॅम्बियमच्या मधल्या पेशी स्वतःच कॅम्बियम बनू लागतात आणि तुटलेली रेघ सांधली जाते. त्यातून नव्या जलवाहिन्या आणि अन्नवाहिन्या तयार होतात. जुन्या वाहिन्या कधीच जुळत नाहीत. नव्या बांधल्या जातात. हे व्हायला लाकडी झाडांत काही आठवडे लागतात. तोवर काडी स्वतःच्या अंगातल्या शिदोरीवर जगते. म्हणून काडी भरलेल्या, टचटचीत डोळ्यांची घ्यायची, आणि आठव्या दिवशी कोंब दिसला म्हणून हर्षून पट्टी सोडायची नाही. तो कोंब शिदोरीवर फुटलेला असू शकतो.

डोळा भरणं म्हणजे हेच, फक्त काडीऐवजी सालीच्या ढलपीसह एक डोळा. खुंटाच्या सालीला टी आकाराचा काप देऊन आत सरकवायचा. एका काडीवर जितके डोळे तितकी झाडं होतात, म्हणून गुलाब आणि लिंबूवर्गात हीच पद्धत फार चालते. भेट कलमात दोन्ही झाडं आपापल्या मुळांवर ठेवून अंगाला अंग लावून बांधतात आणि जुळल्यावर वेगळी करतात. संथ काम, पण भरवशाचं.

यावरून एक कोडं सुटतं. नारळ, बांबू, केळ यांचं कलम का दिसत नाही? ही एकदल झाडं. त्यांच्या खोडात कॅम्बियमचा थरच नसतो, वाहिन्या सगळ्या खोडभर विखुरलेल्या असतात. काय जुळवणार? वर्षानुवर्षं हे अशक्यच मानलं जात होतं. 2021 च्या अखेरीस मात्र केंब्रिजच्या संशोधकांनी बीच्या आतल्या गर्भाची कोवळी ऊती वापरून गहू, ओट अशा एकदल झाडांची कलमं जुळवून दाखवली. अशक्य होतं ते मोठ्या खोडाचं. गर्भावस्थेत ते झाडही जुळायला तयार असतं.

नातं मात्र लागतं. एकाच जातीत कलम सहज लागतं, एका कुळात कधी कधी, परक्यात सहसा नाही. टोमॅटो आणि बटाटा एका कुळातले, म्हणून वर टोमॅटो आणि खाली बटाटा असं झाड उभं करता येतं. काही जोड मात्र फसवे असतात. नाशपातीच्या काही जाती क्विन्स या तिच्याच कुळातल्या फळझाडाच्या खुंटावर लागतात, वाढतात, आणि वर्षांनंतर वाऱ्यात जोडावर साफ मोडतात. मोडलेला भाग कापल्यासारखा गुळगुळीत असतो, कारण लाकडाचे धागे कधी एकमेकांत शिरलेलेच नसतात. त्यावर तोड म्हणून दोघांशी जमणाऱ्या तिसऱ्या जातीचा तुकडा मध्ये घालतात: एका झाडात तीन झाडं.

खुंट वरच्याला काय देतो?

जात बदलत नाही म्हटलं, पण खुंट काहीच करत नाही असं नाही. तंबाखूत निकोटिन मुळांत तयार होतं आणि पाण्याबरोबर वर चढतं. तंबाखूच्या खुंटावर टोमॅटोचं कलम केलं तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन सापडतं. उलट, टोमॅटोच्या मुळांवरच्या तंबाखूत ते जवळपास नसतं. टोमॅटो टोमॅटोच राहिला, पण त्याच्या अंगात खालचा माल आला.

उंचीचंही तसंच. इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग केंद्राने सफरचंदाच्या खुंटांची तपासणी करून त्यांना क्रमांक दिले. त्यातला एम-9 हा बुटका खुंट जगभर पसरला. त्याच्यावर तीच जात माणसाच्या हाताला येईल एवढी वाढते आणि लवकर फळते. बदल्यात त्याची मुळं दुबळी, झाडाला जन्मभर आधाराची काठी लागते.

आणि रोग. 1860 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या बारीक किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागा मुळांपासून पोखरल्या. अमेरिकेतल्या रानटी वेली त्याच किडीबरोबर वाढलेल्या, त्या तिला दाद देत नव्हत्या. झ्यूल-एमिल प्लांशाँ, चार्ल्स रायली यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मदतीने जी वाट सापडली ती अशी: मुळं अमेरिकन, वर वेल युरोपियन. द्राक्षाची जात तीच राहिली आणि कीड हरली. तिथल्या बहुतेक बागा आजही परक्या मुळांवर उभ्या आहेत.

पण एकाच शरीराच्या हजारो प्रती करण्याची किंमतही मोजावी लागते. ग्रो मिशेल केळी जगाच्या बाजारात सगळीकडे होती. सगळे मुनवे एकाच अंगाचे, त्यामुळे पनामा मर हा बुरशीचा रोग एका झाडाला मारू शकला तेव्हा तो सगळ्यांनाच मारू शकत होता. 1950-60 च्या सुमारास तिची जागा कॅव्हेन्डिशने घेतली. कॅव्हेन्डिशसुद्धा एकच अंग, आणि तिला मारणारं त्या मर रोगाचं नवं रूप आता देशोदेशी पसरतंय.

विषाणूही काडीतून जातो, कारण आपण देतो तो जिवंत तुकडा असतो. 1930 च्या दशकात दक्षिण अमेरिकेत आंबट संत्र्याच्या खुंटावरची गोड संत्र्याची झाडं लाखोंनी मेली. या रोगाला नाव पडलं त्रिस्तेझा, म्हणजे खिन्नता. गोड संत्रं स्वतःच्या मुळांवर असेल तर तो विषाणू सोसतं. आंबट संत्रंही एकटं असलं की टिकतं. पण दोघांच्या जोडाखालच्या अन्नवाहिन्या मरतात, मुळं उपाशी राहतात आणि झाड वरून सुकतं. मरत होता तो संसार, दोघांपैकी कुणी एक नव्हे.

यावरचा उपाय झाडाच्या शेंड्यातच निघाला. शेंड्याचं अगदी टोक, मिलिमीटरच्या अंशाएवढं, बहुधा विषाणूपासून मोकळं असतं. फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल आणि क्लोद मार्तां यांनी 1952 मध्ये असं टोक काचेत वाढवून रोगट डेलियातून निरोगी डेलिया मिळवला. 1962 मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी पोषक द्रव्यांचं जे मिश्रण ठरवलं, तेच आजही ऊती संवर्धनाच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. केळीची हजारो सारखी रोपं येतात ती याच मार्गाने. पद्धत नवी, गोष्ट तीच: एका अंगाचा तुकडा.

रोप घेताना म्हणून आधी जोड शोधा. बुडापासून काही इंचांवर थोडासा फुगवटा किंवा तिरकी रेघ दिसेल, साल दोन्हीकडे वेगळी दिसेल. जोड बोटांनी हलवून पाहा, तो जरासाही डुगडुगता कामा नये. प्लास्टिकची पट्टी अजून बांधलेली असेल आणि जोड जुळलेला असेल तर ती सोडा, नाहीतर ती खोडात रुतते. लावताना जोड मातीच्या वर ठेवा. तो गाडला गेला तर वरच्या झाडाला स्वतःची मुळं फुटू शकतात आणि बुटक्या खुंटावरचं सफरचंद खुंटाचा लगाम झुगारून उंच निघतं. आणि जोडाखाली कोंब दिसला, मग तो कितीही गोजिरा असो, तर कात्रीने वरवर छाटू नका, पुन्हा दुप्पट फुटतो. माती बाजूला करा, तो जिथून निघालाय तिथे अंगठा लावा आणि कोवळा असतानाच बुडापासून उपटून काढा.